कोणत्या कायद्याने?

१८२८ साली पुण्यात मोरो रघुनाथ नावाचा चौदा वर्षांचा मुलगा पांडुरंग रामचंद्र या वडीलधाऱ्या नातलगाच्या ताब्यात होता. मुलाला मनाविरुद्ध कोंडून ठेवले आहे, अशी तक्रार मुंबईच्या सुप्रीम कोर्टापुढे गेली. कोर्टाने हेबियस कॉर्पसचा हुकूम काढला : मुलाला हजर करा आणि त्याला कोणत्या अधिकाराने ठेवून घेतले आहे ते सांगा.

हे सुप्रीम कोर्ट इंग्लंडच्या राजाच्या सनदेने चालणारे होते, कंपनी सरकारच्या हाताखालचे नव्हते. गव्हर्नर सर जॉन माल्कम यांना हा हुकूम मुळीच रुचला नाही. पेशवाई बुडून जेमतेम दहा वर्षे झाली होती. दख्खनच्या बड्या घराण्यांना मुंबईचे न्यायाधीश असे ओढू लागले तर कंपनीचा दरारा उरणार नाही आणि नवे राज्यच धोक्यात येईल, असे त्यांचे म्हणणे. ३ ऑक्टोबर १८२८ रोजी त्यांनी आणि त्यांच्या कौन्सिलने न्यायाधीशांना पत्र पाठवून, मुंबई शहराबाहेरच्या अशा हुकमांना सरकारची मदत मिळणार नाही, असे कळवले. न्यायाधीशांनी ते पत्र धुडकावून लावले.

मुख्य न्यायाधीश सर एडवर्ड वेस्ट ऑगस्टमध्येच वारले होते. ऑक्टोबरात सर चार्ल्स चेंबर्सही गेले. एकटे उरलेले सर जॉन पीटर ग्रँट मात्र मागे हटेनात. सरकार हुकूम बजावू देत नसेल तर कोर्ट चालवण्यात अर्थ नाही, असे ठरवून त्यांनी एप्रिल १८२९ मध्ये कोर्टच बंद ठेवले. लंडनमध्ये कंपनीवर देखरेख ठेवणाऱ्या मंडळाचे प्रमुख लॉर्ड एलनबरो यांनी माल्कम यांना धीर दिला : ग्रँट यांच्या दोन बाजूंना दोन नवे न्यायाधीश बसवतो, म्हणजे दोन माणसाळलेल्या हत्तींमध्ये रानटी हत्ती सापडल्यासारखे होईल. हे खासगी पत्र पुढे जगजाहीर झाले आणि एलनबरो यांची बरीच शोभा झाली. पण निकाल माल्कम यांच्याच बाजूने लागला. प्रिव्ही कौन्सिलने १८२९ मध्ये ठरवले की मुंबई शहराबाहेरच्या आणि कोर्टाच्या अधिकाराखाली न येणाऱ्या एतद्देशीयांवर या कोर्टाचा असा हुकूम चालत नाही.

पुढच्या दीडशे वर्षांतल्या झगड्याचे सगळे धागे या वादात आहेत. सरकार म्हणते, राज्याची सुरक्षितता आमच्यावर सोपवा, कारणे विचारू नका. कोर्टाच्या हाती एवढेच असते की कोणत्या कायद्याने, कोणत्या कलमाखाली, कोणत्या शब्दांत हे विचारावे. प्रश्न लहान वाटतो. पण भारतातल्या विनाचौकशी अटकेचा इतिहास पाहिला तर मोठ्या प्रश्नावर, म्हणजे सरकारला माणूस असा डांबता येतो का यावर, कोर्टे वारंवार हरलेली दिसतात. माणसे सुटली ती बहुधा या लहान प्रश्नामुळे सुटली.

विनाचौकशी अटकेचे हत्यार कंपनीने आधीच तयार ठेवले होते. बंगालमध्ये १८१८ चे तिसरे रेग्युलेशन आणि मुंबई इलाख्यात १८२७ चे पंचविसावे. या दोहोंखाली सरकार कोणालाही ‘राजकैदी’ म्हणून ठेवू शकत असे. आरोपपत्र नाही, खटला नाही, मुदत नाही. १८२७ चे रेग्युलेशन महाराष्ट्राला पुरते कळले ते सत्तर वर्षांनी.

१८९७ चा प्लेग. ४ फेब्रुवारीला साथरोग कायदा मंजूर झाला. त्याच्या चौथ्या कलमाने, कायद्याखाली सद्‌भावनेने केलेल्या कुठल्याही कृत्याबद्दल अधिकाऱ्यांवर दावा लावता येणार नाही, अशी तजवीज करून ठेवली. पुण्यात वॉल्टर रँड यांच्या प्लेग समितीने सोजिरांकरवी घरे तपासली. घरांत शिरून होणाऱ्या झडतींबद्दल गाऱ्हाणी मांडणाऱ्यांत बाळासाहेब आणि तात्यासाहेब हे सरदार नातू बंधूही होते. २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँड यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. जुलैअखेर सरकारने दोन वेगवेगळ्या वाटांनी पावले उचलली. टिळकांना मुंबईत राजद्रोहाच्या आरोपाखाली पकडले. नातू बंधूंना १८२७ च्या रेग्युलेशनखाली उचलले.

या दोन वाटांतला फरक नीट पाहण्यासारखा आहे. टिळकांचा खटला न्या. स्ट्रॅची यांच्यापुढे ज्यूरीसह चालला. अन्याय झाला असे म्हणायलाही समोर काहीतरी होते : आरोप, ‘केसरी’तले लेख, साक्षी, ज्यूरीची फूट, अठरा महिन्यांची शिक्षा. लोकांना तो खटला वाचता आला, त्यावर भांडता आले. नातूंच्या बाबतीत वाचायला काहीच नव्हते. त्यांच्यावर आरोप काय, हेच कोणाला कळले नाही. त्यांची मालमत्ता ताब्यात घेतली गेली. त्यांच्या सुटकेसाठी वृत्तपत्रांतून लिहिले गेले, लंडनच्या पार्लमेंटात प्रश्न विचारले गेले, पण न्यायाधीशापुढे ठेवायला एक वाक्यही नव्हते.

दुसऱ्या महायुद्धात ही मनमानी नव्या कायद्याच्या पोशाखात आली. १९३९ च्या भारत संरक्षण कायद्याखालच्या २६ व्या नियमाने, एखादी व्यक्ती देशाच्या संरक्षणाला किंवा सुव्यवस्थेला बाधक वागेल अशी ‘सरकारची खात्री’ झाली की तिला अटकेत ठेवण्याची मुभा दिली. १९४२ च्या चळवळीत देशभर या नियमाखाली माणसे आत गेली.

त्याच सुमारास इंग्लंडमध्येही हाच वाद गाजत होता. रॉबर्ट लिव्हरसिज या इसमाला ब्रिक्स्टनच्या तुरुंगात ठेवणारे गृहमंत्री होते सर जॉन अँडरसन. हे गृहस्थ त्याआधी १९३२ ते १९३७ बंगालचे गव्हर्नर होते. नियमात लिहिले होते की मंत्र्याला ‘वाजवी कारण’ असले पाहिजे. नोव्हेंबर १९४१ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सच्या बहुमताने ठरवले की आपल्याला वाजवी कारण आहे असे मंत्र्याला वाटले तरी पुरे, कोर्टाने ते तपासायचे नाही. एकटे लॉर्ड ॲटकिन वेगळे गेले. युद्ध पेटले म्हणून कायद्यातल्या शब्दांचे अर्थ बदलत नाहीत, अशी त्यांची भूमिका होती आणि त्याबद्दल त्यांना सहकाऱ्यांचा रोष पत्करावा लागला. बहुमत चुकले होते, हे त्याच सभागृहात लॉर्ड डिप्लॉक यांनी १९७९ च्या डिसेंबरात मान्य केले, तोवर जवळपास चार दशके लोटली होती.

अशा वातावरणात मुंबई सरकारने अटकेत टाकलेल्या केशव तळपदे यांचा अर्ज मुंबई हायकोर्टाने फेटाळला आणि प्रकरण दिल्लीच्या फेडरल कोर्टात गेले. २२ एप्रिल १९४३ रोजी सरन्यायाधीश सर मॉरिस ग्वायर यांनी निकाल दिला. ग्वायर निवृत्तीच्या उंबरठ्यावर होते. त्यांनी कायदा आणि नियम शेजारी शेजारी ठेवून वाचले. मूळ कायद्याने सरकारला अधिकार दिला होता तो ज्यांच्यावर ‘वाजवी संशय’ आहे अशांना अटकेत ठेवण्याचा. नियमात मात्र संशय वाजवी असण्याची अट गळून गेली होती आणि सरकारची खात्री तेवढी उरली होती. कायद्याने दिले त्यापेक्षा जास्त नियमाने घेतले होते. म्हणून २६ वा नियमच बेकायदा ठरला आणि देशभरातल्या हजारो अटकांचा पाया एका निकालाने निघाला.

सरकारने सहा दिवसांत अध्यादेश काढला. २८ एप्रिलच्या त्या अध्यादेशाने कायद्याची भाषाच नियमाला जुळेल अशी बदलली, तीही मागील तारखेपासून. १९४५ मध्ये शिवनाथ बॅनर्जी यांच्या बंगालमधल्या प्रकरणात प्रिव्ही कौन्सिलने तर तळपदे निकालच चुकीचा ठरवला. पण त्याच प्रकरणात एक गोष्ट टिकली. अटकेचा आदेश काढणाऱ्याने स्वतः विचार करायला हवा. पोलिसांची शिफारस आली की ठरावीक साच्यात सही करायची, असे चालले असेल तर सरकारची ‘खात्री’ झाली असे म्हणता येत नाही. नियम वाचला, पण यांत्रिकपणे काढलेले आदेश वाचले नाहीत. आजही वकील अटकेच्या आदेशावर पहिला हल्ला इथूनच चढवतात : अधिकाऱ्याने डोके चालवले होते का, की नुसती सही केली?

स्वातंत्र्यानंतर या अधिकाराला संविधानातच जागा मिळाली. २२ व्या अनुच्छेदाने प्रतिबंधात्मक अटक मान्य केली आणि तिला काही कुंपणे घातली. अटकेची कारणे कळवायची, निवेदन करण्याची संधी द्यायची, ठरावीक काळापुढे सल्लागार मंडळापुढे प्रकरण न्यायचे. १९५१ मध्ये आत्माराम वैद्य यांच्या मुंबईच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की सरकारची खात्री बरोबर की चूक, हे कोर्ट ठरवणार नाही. पण कळवलेली कारणे इतकी मोघम असतील की माणसाला त्यावर निवेदनच करता येऊ नये, तर तो त्याच्या हक्काचा भंग आहे.

मग चीनचे युद्ध आले. २६ ऑक्टोबर १९६२ रोजी आणीबाणी जाहीर झाली. ३ नोव्हेंबरला राष्ट्रपतींनी आदेश काढून काही मूलभूत हक्कांसाठी कोर्टात जाण्याचा मार्ग स्थगित केला. युद्ध महिन्याभरात थांबले, आणीबाणी मात्र १० जानेवारी १९६८ पर्यंत राहिली. सप्टेंबर १९६३ मध्ये माखन सिंग खटल्यात या आदेशाचा अर्थ लावण्याची जबाबदारी न्या. प्र. बा. गजेंद्रगडकर यांच्यावर आली. साताऱ्यात शिकलेले, मुंबई हायकोर्टात घडलेले हे न्यायाधीश. त्यांनी सरकारचा मुख्य मुद्दा मान्य केला : मूलभूत हक्कांच्या नावाने अटकेला आव्हान देता येणार नाही. पण त्याच निकालात त्यांनी काही दारे उघडी ठेवली. अटक ज्या कायद्याखाली केली त्याच कायद्याच्या अटी पाळल्या नसतील, किंवा आदेश दुष्ट हेतूने काढला असेल, तर कैद्याला कोर्टात येता येईल. राष्ट्रपतींचा आदेश नव्या भारत संरक्षण कायद्याखाली झालेल्या कारवाईपुरता होता. कायद्याबाहेर केलेल्या कारवाईला त्याचे कवच नव्हते.

या उघड्या दारातून पहिल्यांदा बाहेर पडलेल्या गोष्टींत एक मराठी हस्तलिखित होते.

कम्युनिस्ट कार्यकर्ते प्रभाकर पांडुरंग संझगिरी मुंबईच्या तुरुंगात संरक्षण नियमांखाली स्थानबद्ध होते. आत असताना सरकारच्याच परवानगीने त्यांनी अणूविषयी मराठीत एक पुस्तक लिहिले, ‘अणूच्या अंतरंगात’. सप्टेंबर १९६४ मध्ये त्यांनी हस्तलिखित छपाईसाठी बाहेर पाठवण्याची परवानगी मागितली. २७ मार्च १९६५ च्या पत्राने महाराष्ट्र सरकारने ती नाकारली. आर्थर रोड तुरुंगाच्या अधीक्षकांकडेही त्यांनी मागून पाहिले, तिथेही नकारच आला. शेवटी त्यांनी हायकोर्टात अर्ज केला.

हायकोर्टाच्या न्यायाधीशांनी केले ते अगदी साधे : त्यांनी पुस्तकाची अनुक्रमणिका मागवून वाचली. पुस्तक निव्वळ विज्ञानाचे आहे, त्याने देशाच्या संरक्षणाला वा सुव्यवस्थेला कसलीही बाधा येत नाही, अशी त्यांची खात्री पटली. हस्तलिखित बाहेर जाऊ द्या, असा त्यांनी आदेश दिला. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. स्थानबद्ध माणसाचे स्वातंत्र्य संपलेलेच असते, नियमांनी जे दिले तेवढेच त्याच्यापाशी उरते आणि पुस्तक छापण्याची मुभा नियमांत कुठेच दिलेली नाही, असा सरकारचा युक्तिवाद होता.

न्या. सुब्बा राव यांनी हा युक्तिवाद उलटा फिरवला. स्थानबद्धतेच्या अटींचा १९५१ चा आदेश कैद्यावर निर्बंध घालतो, त्याला हक्क वाटत नाही. ज्या गोष्टीवर निर्बंध लिहिलेला नाही ती करण्याचे स्वातंत्र्य त्याच्यापाशी शिल्लक असते. पुस्तक बाहेर पाठवण्यावर एकाही अटीने बंदी घातलेली नव्हती. म्हणजे सरकारचा नकार नियमांच्या बाहेरचा होता आणि नियमांच्या बाहेर असल्यामुळेच कोर्टात टिकणारा नव्हता. निकालाची तारीख ६ सप्टेंबर १९६५. त्याच दिवशी भारतीय सैन्याने लाहोरची आघाडी उघडली होती. युद्ध सुरू असताना देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने एका कैद्याच्या विज्ञानाच्या पुस्तकासाठी सरकारला नाही म्हटले.

दुसऱ्या दिवशी, ७ सप्टेंबरला, याच न्यायालयाने आणखी एक निकाल दिला. डॉ. राममनोहर लोहिया यांना ऑगस्टमध्ये पाटण्यात अटक झाली होती. नियमात ‘सार्वजनिक सुव्यवस्था’ हे कारण होते. जिल्हा दंडाधिकाऱ्यांनी आदेशात लिहिले ‘कायदा व सुव्यवस्था’. दोन्ही एकच नव्हेत का? न्या. हिदायतुल्ला यांनी एकात एक तीन वर्तुळे कल्पिली. सर्वांत मोठे कायदा व सुव्यवस्थेचे, त्याच्या आत सार्वजनिक सुव्यवस्थेचे आणि सर्वांत आतले राज्याच्या सुरक्षिततेचे. बाहेरच्या वर्तुळातली प्रत्येक गोष्ट आतल्या वर्तुळात येतेच असे नाही. दोन दारुड्यांची मारामारी हा कायदा व सुव्यवस्थेचा प्रश्न असेल, पण तेवढ्याने समाजाची घडी विस्कटत नाही आणि तेवढ्यासाठी विनाचौकशी अटकेचा अधिकार दिलेला नाही. आदेश रद्द झाला, लोहिया सुटले. आज महाराष्ट्रात झोपडपट्टीदादा म्हणून कुणाला स्थानबद्ध केले, तरी हायकोर्टात वकील या तीन वर्तुळांचा आधार घेतल्याशिवाय राहत नाही.

पुढच्या खेपेला सरकारने ही दारे हेरून बंद केली. २५ जून १९७५ च्या आणीबाणीनंतर दोनच दिवसांनी निघालेल्या राष्ट्रपतींच्या आदेशात १९६२ सारखी मर्यादा नव्हती. कोणत्या कायद्याखाली अटक केली, याचा त्यात उल्लेखच नव्हता. अंतर्गत सुरक्षेच्या ‘मिसा’ कायद्यामध्ये नवे १६अ कलम घालून अटकेची कारणे गोपनीय ठरवली, ती कोर्टालाही दाखवायची नाहीत. शाह आयोगाच्या मोजणीनुसार या कायद्याखाली ३४,९८८ जण स्थानबद्ध झाले. आयोगाचे प्रमुख जे. सी. शाह हेही मुंबई हायकोर्टातूनच वर गेलेले न्यायाधीश.

तरी मुंबई हायकोर्टाने ‘कोणत्या कायद्याने’ विचारणे सोडले नाही. निवृत्त न्यायमूर्ती नाथवानी आणि काही वकिलांना संविधान आणि कायद्याचे राज्य या विषयावर बंद सभागृहात सभा घ्यायची होती. पोलीस आयुक्तांनी परवानगी नाकारली. न्या. तुळजापूरकर यांच्या खंडपीठाने तो नकार उचलून फेकला. मिनू मसानी यांच्या ‘फ्रीडम फर्स्ट’ मासिकातला मजकूर सेन्सॉर बिनोद राव यांनी अडवला, तेव्हा न्या. मादन आणि न्या. कानिया यांनी फेब्रुवारी १९७६ मध्ये अडवलेला मजकूर एकेक करून सेन्सॉरच्या आदेशाशी ताडून पाहिला. सरकारवर टीका करणे म्हणजे देशाच्या सुरक्षिततेला धोका नव्हे, आणि सगळ्या वृत्तपत्रांना एकाच सुरात बोलायला लावण्यासाठी सेन्सॉर नेमलेला नाही, असा त्या निकालाचा आशय होता. नागपूर खंडपीठानेही इतर अनेक हायकोर्टांप्रमाणे, ‘मिसा’ कैद्यांचे अर्ज ऐकण्याचा आपला अधिकार शाबूत आहे, असे म्हटले.

‘मिसा’ कैद्यांची ही प्रकरणे एकत्र होऊन सर्वोच्च न्यायालयात गेली. कैद्यांच्या बाजूने उभे राहिलेल्या वकिलांत सासवडला जन्मलेले, मुंबई हायकोर्टाचे माजी न्यायाधीश वि. म. तारकुंडेही होते. सुनावणीत न्या. खन्ना यांनी ॲटर्नी जनरल निरेन डे यांना विचारले : एखाद्या पोलिसाने खासगी वैरातून माणूस मारला तरी दाद मागता येणार नाही? आणीबाणी असेतोवर नाही, असे उत्तर आले. २८ एप्रिल १९७६ रोजी चार विरुद्ध एक मतांनी सरकार जिंकले. बहुमतात पुण्याचे न्या. यशवंत विष्णू चंद्रचूड होते. एकटे न्या. हंसराज खन्ना विरोधात गेले. जगण्याचा आणि स्वातंत्र्याचा हक्क संविधानाने दिला म्हणून जन्माला आला नाही, कायद्याचे राज्य असलेल्या देशात कायद्याच्या आधाराशिवाय कोणाचाही जीव वा मोकळीक हिरावता येत नाही, असे त्यांनी लिहिले. पुढच्या जानेवारीत त्यांची ज्येष्ठता डावलली गेली आणि त्यांनी राजीनामा दिला.

लहान प्रश्नाचे काय झाले? त्याच जानेवारी १९७७ मध्ये भानुदास गावडे प्रकरणात अटकेच्या अटींबद्दल मुंबई हायकोर्टाने कैद्यांना दिलेला दिलासाही सर्वोच्च न्यायालयाने काढून घेतला. संझगिरी निकाल इथे लागू नाही, कारण तेव्हाचा राष्ट्रपतींचा आदेश सशर्त होता आणि आताचा बिनशर्त आहे, असे त्याचे कारण. कैद्याने माणूस म्हणून काय मागावे, यावरही आता कोर्टाला बोलता येत नव्हते. १९६५ आणि १९७७ या दोन निकालांमधले अंतर कायद्यातल्या फक्त एका शर्तीचे होते. पण त्या एका शर्तीवर एका पुस्तकाचे छापणे अवलंबून होते आणि हजारो माणसांचे जगणेही.

आणीबाणी उठल्यावर १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने ही वाट बुजवली. २० आणि २१ व्या अनुच्छेदांचे संरक्षण आता आणीबाणीतही स्थगित करता येत नाही. १९९४ मध्ये बोम्मई खटल्यात राष्ट्रपती राजवटीच्या घोषणेलाही न्यायालयीन तपासणी लागू झाली. त्यातला महत्त्वाचा निकाल लिहिणाऱ्या न्या. पी. बी. सावंत यांनी स्पष्ट केले की मंत्रिमंडळाने राष्ट्रपतींना काय सल्ला दिला ते कोर्ट विचारणार नाही, पण ज्या माहितीच्या आधारे सल्ला दिला ती माहिती मागवू शकेल. २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणाच्या हक्काच्या खटल्यात १९७६ चा बहुमताचा निकाल औपचारिकपणे रद्द झाला. तो रद्द करणाऱ्या न्यायाधीशांत त्याच चंद्रचूडांचे पुत्र धनंजय चंद्रचूड होते.

करोनाच्या टाळेबंदीत प्रश्न पुन्हा उभा राहिला, यावेळी कारखान्यांच्या दारात. गुजरात सरकारने एप्रिल २०२० मध्ये ‘सार्वजनिक आणीबाणी’चे कारण देऊन कारखान्यांना कामाच्या तासांच्या नियमांतून सूट दिली. दिवसाला बारा तास काम, आणि जादा तासांचे दाम दुपटीने नव्हे, साध्या दराने. न्या. धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठाने कारखाने कायद्याचे पाचवे कलम उघडले. त्या कलमातली सार्वजनिक आणीबाणी म्हणजे युद्ध, परकीय आक्रमण किंवा अंतर्गत अशांततेने भारताच्या सुरक्षिततेला निर्माण झालेला गंभीर धोका. साथीने अर्थव्यवस्था मंदावली, हे खरे, पण मंदीचा भार कामगाराच्या अंगावर टाकण्याचा अधिकार या कलमाने दिलेला नव्हता. १ ऑक्टोबर २०२० रोजी अधिसूचना रद्द झाली आणि मधल्या महिन्यांत जादा तास राबलेल्या कामगारांना कायद्याच्या दराने ओव्हरटाइम देण्याचा आदेश निघाला.